शिजवलेली कालवं : ताटात नेमकं काय येतं?

मागच्या भागात आपण डाळींतल्या प्रथिनांबद्दल बोललो. त्यानंतर बंगळूरहून आणि बडोद्याहून जवळजवळ एकच प्रश्न आला. ‘साहेब, तुम्ही मूळचे मालवणकडचे, मग कालवांवर कधी बोलणार? आणि शिजवल्यावर त्यांच्यात काही उरतं का?’

दुसरा प्रश्न मला आवडला. परदेशी वाहिन्यांवर कालवं नेहमी कच्ची खाताना दाखवतात. शिंपली उघडली, लिंबू पिळलं, तोंडात टाकलं. ते बघून बऱ्याच जणांचा समज झाला आहे की कच्ची तीच खरी पौष्टिक, आणि आपण कोकणात रटरटून आमटी करतो म्हणजे सत्त्व घालवून चोथा खातो. आज हा समज आकड्यांवर तपासू. पण आकड्यांच्या आधी माझ्या पायांची गोष्ट सांगतो. या विषयाकडे मी हौसेने वळलेलो नाही.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. म्हणजे जवानाच्या ताटात रोज काय पडणार, किती पडणार, आणि ते बर्फातल्या चौकीपर्यंत कसं पोहोचणार, हे बघणारं खातं. नोकरीभर दुसऱ्यांच्या राशनचा हिशेब केला, स्वतःच्या ताटाचा कधी केला नाही. पन्नाशीनंतर कोलेस्टेरॉल थोडं वाढलं, मधुमेहाची गोळी सुरू झाली. तेव्हा एका हितचिंतकाने ठासून सांगितलं की शिंपल्यातलं सगळं आधी बंद करा, ते निव्वळ कोलेस्टेरॉल असतं. मी शिस्तीचा माणूस. हुकूम आला की पाळायचा. कालवं बंद केली, तिसऱ्या बंद केल्या, मग अंडं गेलं, हळूहळू मासळीही गेली. निवृत्त होऊन सिकंदराबादला स्थायिक झालो तेव्हा मी जवळजवळ शाकाहारी झालो होतो. दूध मला कधीच आवडलं नाही, ते नावालाच. सौभाग्यवती शाकाहारी घरातल्या. त्यांना बरंच वाटलं.

सहा-सात वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या. मधुमेह आहे, होणारच, म्हणून मी सोडून दिलं. एका सकाळी फिरायला गेलो असताना डाव्या पायातली चप्पल निघून गेली आणि मी तसाच चालत राहिलो. मागून एक शाळकरी मुलगा धावत आला, हातात माझी चप्पल. ‘अंकल, आपकी चप्पल.’ मी खाली बघितलं तर पाय उघडा, खाली खडी, आणि मला पत्ता नाही. त्या दिवशी घाबरलो.

तपासणीत ब-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी तीन कारणं सांगितली. वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं ब-१२ नीट सुटत नाही. मधुमेहाची जी गोळी मी घेत होतो, मेटफॉर्मिन, ती वर्षानुवर्षं घेतली तर काही लोकांत ब-१२चं शोषण घटवते. आणि तिसरं, ताटात ब-१२ येतच नव्हतं. यकृतात ब-१२चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून खाणं बंद केल्याबरोबर काही कळत नाही. कोठारात माल असतो तोवर रसद तुटल्याची बातमी कुणाला लागत नाही, तसंच हे. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

एक गोष्ट स्वच्छ सांगतो. मी कालवं खाऊन बरा झालो नाही. इंजेक्शनांनी बरा झालो, तोही पूर्ण नाही. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. कुणाला मुंग्या येत असतील तर बाजारात न जाता आधी रक्त तपासा. पण औषधोपचार झाल्यावर मी विचारलं, आता पुढे काय खाऊ? तेव्हा त्या बाईंनी, त्या तेलंगणातल्याच, मला उलट विचारलं, ‘तुम्ही समुद्राकाठचे ना? मग शिंपले का सोडलेत?’ तिथून माझा हा अभ्यास सुरू झाला.

आधी नावं नीट लावून घेऊ, कारण इथे गोंधळ फार होतो. तिसऱ्या म्हणजे दोन सारख्या झाकणांच्या, वाळूत राहणाऱ्या लहान शिंपल्या. गोव्यात शिणाणे म्हणतात ते लांबट, हिरवट-काळे. केरळात कल्लुम्मक्काय म्हणतात तेही तेच. कालव वेगळं. ते खडकाला किंवा खाडीतल्या दगडाला स्वतःला चिकटवून घेतं आणि जन्मभर जागा सोडत नाही. त्याची शिंपली ओबडधोबड आणि धारदार असते. केरळात त्याला कडल मुरिंगा म्हणतात. कन्नूरला असताना आमच्या मेसचा स्वयंपाकी कल्लुम्मक्काय आणि मी कालव, असे दोघं महिनाभर वेगवेगळ्या गोष्टींबद्दल वाद घालत होतो. शेवटी त्याने एक आणून समोर ठेवलं, तेव्हा मिटलं.

आमच्या गावात कालवं काढायचं काम बायकांचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी लांबवर जाते, तेव्हा माझी आत्या लोखंडी टोकदार हत्यार आणि एक गडू घेऊन खडकांवर जायची. शिंपली खडकावरच फोडायची, आतलं मांस अलगद काढून गडूत टाकायचं. बोटाच्या पेराएवढं एकेक. दोन-तीन तास वाकून काम केलं की घरापुरतं भरायचं. तिच्या हातांवर कायम बारीक चिरे असायचे. पावसाळ्यात हे काम बंद. घरी आल्यावर ती कालवं त्यांच्याच पाण्यात हलवून स्वच्छ करायची, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात निवळत ठेवायची, खाली बसलेली कच टाकायची, आणि निवळलेलं पाणी आमटीत घालायची. मी तेव्हा विचारलं नाही का म्हणून. उत्तर आज आकड्यांतून येईल.

तर आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते जगभर वापरतात. त्यात पॅसिफिक जातीच्या कालवाचे कच्चे आणि वाफवलेले, असे दोन्ही आकडे आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या जाती वेगळ्या, त्यामुळे हे आकडे आपल्या कालवांना तंतोतंत लागू नाहीत. पाणी, ऋतू, जात यांनी फरक पडतो, आणि जस्ताच्या बाबतीत तर फारच पडतो. पण दिशा समजायला हे पुरेसे आहेत.

१०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे ८१ कॅलरी, साडेनऊ ग्रॅम प्रथिनं, १६.६ मिलिग्रॅम जस्त, ५.१ मिलिग्रॅम लोह आणि १६ मायक्रोग्रॅम ब-१२. आता वाफवलेल्या १०० ग्रॅममध्ये बघा. १६३ कॅलरी, १८.९ ग्रॅम प्रथिनं, ३३.२ मिलिग्रॅम जस्त, ९.२ मिलिग्रॅम लोह, २८.८ मायक्रोग्रॅम ब-१२.

म्हणजे शिजवल्यावर सगळं दुप्पट झालं? नाही. इथेच लोक फसतात, आणि पौष्टिकतेच्या नावाने माल विकणारे नेमकं इथेच फसवतात. कच्च्या कालवात १०० पैकी ८२ भाग पाणी असतं. शिजताना ते सुटतं, मांस आक्रसतं. १०० ग्रॅम कच्चं शिजवलं की साधारण ५० ग्रॅम उरतं. तुम्ही वाफवलेलं १०० ग्रॅम मोजता तेव्हा खरं तर २०० ग्रॅम कच्चं ताटात घेतलेलं असतं. आम्ही कोठारात ताजी भाजी आणि सुकवलेली भाजी यांचा हिशेब कधी एकाच वजनावर करत नसू. तसंच हे.

आता २०० ग्रॅम कच्च्याची बेरीज शिजवलेल्या १०० ग्रॅमशी लावून बघा. जस्त ३३.२ होतं, शिजवल्यावरही ३३.२. एक कणही गेला नाही, आणि जाणार कसा? जस्त हा धातू आहे, तो चुलीवर जळत नाही. ब-१२ हवं होतं ३२, उरलं २८.८. म्हणजे दहा टक्के घट. लोहाचंही जवळपास तेवढंच. उष्णतेने ज्यांचं खरं नुकसान होतं ती जीवनसत्त्वं कालवात मुळातच फार नसतात. म्हणून ‘शिजवलं की सत्त्व गेलं’ हे कालवाच्या बाबतीत खरं नाही. जे थोडं जातं, ते बरंचसं सुटलेल्या पाण्यात उतरतं. आत्या ते पाणी का टाकत नव्हती, ते इथे कळलं. तिला अर्थात चवीसाठी हवं होतं. कारण काहीही असो, काम बरोबर होतं.

आता ताटाचा हिशेब. १०० ग्रॅम शिजवलेली कालवं कुणी एका वेळी खात नाही. ५० ग्रॅम धरू, एक मध्यम वाटी. त्यात सुमारे १६ मिलिग्रॅम जस्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम जस्त सांगितलं आहे. म्हणजे एका वाटीत दिवसाचं काम झालं. ब-१२ मिळालं १४ मायक्रोग्रॅम, आणि दिवसाची गरज दोन-अडीचच्या आसपास. आता सगळं एकदम शोषलं जात नाही, एका वेळी शरीर थोडंच उचलतं. तरी आठवड्यातून एक-दोनदा खाणाऱ्याला ब-१२ची चिंता सहसा करावी लागत नाही. लोह मात्र चार-साडेचार मिलिग्रॅम. पुरुषाला १९ आणि स्त्रीला २९ लागतं, तेव्हा हा हातभार झाला, पूर्ण भरणा नाही. पण मांसातलं लोह शरीराला डाळीतल्या लोहापेक्षा सोपं जातं, आणि सोबतच्या भाताभाकरीतलं लोह उचलायलाही मदत करतं. प्रथिनं साडेनऊ ग्रॅम, दीड अंड्याएवढी. कॅलरी ऐंशीच. शिवाय ओमेगा-३, सेलेनियम, तांबं हे आहेच. त्यातली किंचित गोडी असते ना, ती ग्लायकोजेनची, म्हणजे प्राण्याने साठवलेल्या पिठूळ साखरेची.

जस्तावर जरा थांबतो, कारण ब-१२बद्दल आता सगळे बोलतात, जस्ताबद्दल कुणी बोलत नाही. औषधाच्या पट्टीवर आपण त्याला झिंक म्हणून वाचतो. जुलाब झालेल्या लहान मुलाला आशाताई ओआरएसच्या पुड्यांबरोबर ज्या गोळ्या देतात, त्या याच्याच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये तशी शिफारस केली. जखम भरणं, रोगाशी लढणं, चव कळणं, मुलांची वाढ, या सगळ्यात जस्त लागतं. आणि ब-१२सारखं त्याचं कोठार शरीरात नसतं. ते नियमित आलं पाहिजे.

माणसाला जस्त कमी पडू शकतं हे कुणी दाखवलं, माहीत आहे? बिहारमधल्या बक्सरला जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी. अमेरिकेत शिकून ते १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. वाढ खुंटलेली, वयात आलेला नाही, रक्त कमी. त्या भागात असे आणखी रुग्ण होते. खाणं काय, तर जवळजवळ फक्त रोटी, आणि सवयीने माती. पुढे इजिप्तमध्ये केलेल्या अभ्यासात त्यांनी दाखवलं की अशा मुलांना जस्त कमी पडत होतं, आणि जस्त दिल्यावर ती वाढू लागली. तोवर माणसाला जस्त कमी पडणं शक्यच नाही, असं डॉक्टर मंडळी मानत होती.

गव्हात जस्त नसतं का? असतं. पण धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यातून तसंच बाहेर नेतं. म्हणजे कोठारात माल आहे, पण गाडी सुटत नाही. म्हणूनच अमेरिकेत पुरुषाला ११ मिलिग्रॅम जस्त सांगतात आणि आपल्याकडे १७. आपलं ताट धान्याचं आहे, तिथे गळती जास्त. कालवातल्या जस्ताला फायटेटची ही आडकाठी नाही. शाकाहारी मंडळींनी इथे निराश होऊ नये. कडधान्य मोड आणून खाल्लं, पीठ आंबवून केलं की फायटेट कमी होतं. इडली आणि मटकीची उसळ यांचं महत्त्व आपल्या आज्यांना कागद न वाचता ठाऊक होतं. ब-१२साठी मात्र दूध-दही किंवा गोळी, याला पर्याय नाही.

आता कोलेस्टेरॉल, ज्याच्यापायी मी सहा वर्षं फुकट घालवली. वाफवलेल्या १०० ग्रॅम कालवांत सुमारे १०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल. आपल्या ५० ग्रॅमच्या वाटीत ५०. एका मोठ्या कोंबडीच्या अंड्यात १८०च्या वर असतं. म्हणजे वाटीभर कालवांत पाव अंड्याएवढं! रक्तातलं कोलेस्टेरॉल ज्याने जास्त वाढतं ती संपृक्त चरबी १०० ग्रॅममध्ये जेमतेम एक ग्रॅम. मग शिंपल्यांची एवढी बदनामी का झाली? मोजण्याच्या जुन्या पद्धतीत एक खोट होती. शिंपले सूक्ष्म शैवाल खातात, त्यामुळे त्यांच्या मांसात वनस्पतींकडून आलेले कोलेस्टेरॉलसारखे दिसणारे पदार्थ असतात. जुन्या चाचण्या ते सगळं एकाच खात्यात टाकायच्या. पुढे पद्धत सुधारली, आकडा खाली आला, पण बदनामी राहिली. माझ्या हितचिंतकाला दोष देत नाही. मी स्वतः कागद मागून बघायला हवा होता. नोकरीत कागद बघितल्याशिवाय एक पोतं पुढे सरकवलं नाही, आणि घरी ऐकीव गोष्टीवर हुकूम पाळला.

आता शिजवण्याकडे येतो. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

कालव चालत नाही, फिरत नाही. ते पाणी आत ओढतं, त्यातलं खाणं गाळून घेतं आणि पाणी सोडून देतं. मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला दीडशे लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. जे पाण्यात असेल ते त्याच्या पोटात साठतं. सांडपाणी असेल तर सांडपाण्यातले जंतूही. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शहरात आमच्या एका सहकाऱ्याने मेजवानीत कच्ची कालवं खाल्ली. लिंबू होतं, तिखट सॉस होता, बर्फावर सुंदर मांडलेली होती. महिन्याभराने तो पिवळा पडला. कावीळ, अ प्रकारची. ही कावीळ लागण झाल्यावर दोन ते सात आठवड्यांनी दिसते, त्यामुळे तोवर त्या मेजवानीची कुणाला आठवणही नव्हती. धडधाकट माणूस दोन महिने अंथरुणाला खिळला. तो वाचला. पण यकृत आधीच खराब असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला खाऱ्या पाण्यातला व्हिब्रियो व्हल्निफिकस नावाचा जंतू दोन-तीन दिवसांत प्राणघातक ठरू शकतो. लिंबाने तो मरत नाही. तिखटाने मरत नाही. दारूने तर नाहीच. उष्णतेने मरतो.

किती उष्णता? शिंपलीसकट असतील तर उकळत्या पाण्यात टाका, शिंपल्या उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं उकळू द्या. वाफवत असाल तर उघडल्यावर चार ते नऊ मिनिटं. शिंपली उघडली म्हणजे शिजलं, असं नाही. आतला गाभा अजून कोमट असू शकतो. सोललेली असतील तर किमान तीन मिनिटं खळखळून उकळी. काविळीचा विषाणू चिवट असतो. मांसाच्या मध्यापर्यंत नव्वद अंश तापमान दीड मिनिट टिकलं तर तो जातो. म्हणून पाहुणचारातल्या ‘हलक्या वाफेच्या’ कालवांवर माझा विश्वास नाही. आपली मालवणी आमटी, वाटप घालून, तिरफळ आणि सोलं टाकून, दहा मिनिटं खदखदते. ती या परीक्षेत सहज पास होते. फार वेळ ठेवली तर कालव रबरासारखं होतं, हे खरं. पण रबर चावता येतं. शिजवण्याआधी शिंपली उघडी असेल आणि टिचकी मारून मिटत नसेल तर ते कालव मेलेलं आहे, टाकून द्या. शिजवूनही उघडली नाही तरी टाका. मीठ चाखून घाला, कारण समुद्राचं मीठ आत आधीच असतं.

पण उष्णतेलाही मर्यादा आहे, आणि ही गोष्ट कोकणातल्या माणसालाही पुष्कळदा माहीत नसते. समुद्रात कधीकधी विशिष्ट सूक्ष्म शैवाल वाढतं, त्याचं विष शिंपल्यांत साठतं. ते उकळून जात नाही. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिणाण्यांतून असं विष पोटात जाऊन सात जणांचा जीव गेला आणि शेकडो जणांना इस्पितळात न्यावं लागलं. ती मंडळी कच्चं खाणारी नव्हती, नेहमीसारखं शिजवूनच खाल्लं होतं. पाण्याचा रंग अचानक बदलला, लालसर किंवा हिरवट झाला, मासे मरून किनाऱ्याला लागले, की त्या भागातले शिंपले पूर्ण बंद. ओठ, जीभ बधिर वाटू लागली तर ताबडतोब इस्पितळ. शिसं, कॅडमियमसारखे धातूही शिजवून जात नाहीत. ज्या न्यायाने जस्त टिकतं, त्याच न्यायाने तेही टिकतात. म्हणून मोठ्या शहराच्या खाडीतली, कारखान्याच्या नाल्याजवळची कालवं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ‘ताजी आहेत का’ याच्या आधी ‘कुठली आहेत’ हे विचारा.

मग चांगली कुठे मिळतील? कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगतच्या बाजारात ओळखीची बाई असेल तर उत्तम. केरळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकापासून कालवांची शेती रुजवली. शिंपल्यांच्या माळा ओवून त्या खाडीत मांडवाला टांगतात, त्यावर पिल्लं चिकटून वाढतात. बहुतेक ठिकाणी हे काम बायकांचे गट करतात. सिंधुदुर्गातही बचत गटांनी खाडीत ही शेती करून पाहिली आहे. अशा शेतीतली कालवं काही ठिकाणी विकण्याआधी दिवस-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवतात, म्हणजे पोटातली घाण निघून जाते. त्याने बरेचसे जंतू कमी होतात, विषाणू मात्र पुरते जात नाहीत. म्हणजे शिजवणं चुकत नाही.

कालवं न मिळाल्यास तिसऱ्या किंवा शिणाणे चालतील का? ब-१२साठी उत्तम चालतील, तिसऱ्यांच्या वर्गातल्या शिंपल्यांत तर ते कालवाहूनही जास्त असतं. जस्तासाठी नाही. त्यांच्यात १०० ग्रॅमला पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपासच जस्त. या बाबतीत कालवाच्या जवळ कुणी जात नाही. आणि तो जस्ताचा धागा धरून पुरुषांच्या ताकदीची जी चटपटीत जाहिरात चालते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. जस्त कमी असेल तर भरून आल्याने फरक पडेल. पुरेसं असेल तर जास्त खाऊन काही वाढत नाही. उलट महिनोन्‌महिने रोज ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त गेलं तर तांब्याचं शोषण बिघडतं. हे जास्त करून गोळ्यांनी होतं. आठवड्याला एक-दोन वाट्या खाणाऱ्याने काळजी करू नये.

कुणी खाऊ नये? ज्यांना शिंपल्याची ॲलर्जी आहे त्यांनी अजिबात नाही, शिजवूनही नाही. गाऊट असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, कारण यूरिक ॲसिड वाढू शकतं. शरीरात लोह साठण्याचा आजार असलेल्यांनीही विचारून.

सिकंदराबादला ताजी कालवं मिळत नाहीत. कन्नूरचा एक जुना सहकारी थंडीत कधी येतो, तेव्हा सोललेली, बर्फात घातलेली एक पिशवी घेऊन येतो. ती रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू देतो, बाहेर ओट्यावर नाही. सकाळी पाणी निवळून घेतो, आणि आमटी मीच करतो, कारण सौभाग्यवती त्या दिवशी स्वयंपाकघरात येत नाहीत. खिडक्या उघडून बाहेर झोपाळ्यावर बसतात आणि आतून घड्याळाचा आवाज आला की विचारतात, ‘दहा मिनिटं झाली का पूर्ण?’